ती बाहेर कधी येते?

या लेखाच्या मुळाशी असलेला प्रश्न माझा नाही, माझ्या पत्नीचा आहे. तो तिने विचारला तेव्हा ती स्वयंपाकघरात ओले काजू सोलत बसली होती. काजूचा चीक लागू नये म्हणून हाताला खोबरेल चोपडलेलं होतं. आणि मी दारात उभा राहून तिला दुसऱ्या दिवशीचं माझं भाषण म्हणून दाखवत होतो.

भाषणाचा विषय होता ‘धनेश पक्ष्याचं एकनिष्ठ प्रेम’. एका शाळेत मुलांसमोर बोलायचं होतं. मी कुठल्या विद्यापीठाचा माणूस नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. बी.कॉम.चं दुसरं वर्ष अर्धवट सोडलं ते सोडलंच. पक्षी, लेणी आणि शिलालेख ही तीन वेडं मात्र विशीपासून आहेत. रविवार आला की दुकानाला कुलूप आणि पाठीला पिशवी. जे थोडंफार कळतं ते पायांनी आणि उसन्या पुस्तकांनी शिकवलेलं आहे.

तर मी तिला सांगत होतो: महाधनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला बंद करून घेते, नर तिला तीन-चार महिने बाहेरून भरवतो, एवढंसं तोंड उघडं असतं त्यातून एकेक उंबर तिच्या चोचीत देतो. माणसाने शिकावं असं प्रेम आहे हे. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “आणि ती बाहेर कधी येते?”

मी म्हटलं, “येते की. पिल्लू मोठं झालं की.”

“मोठं म्हणजे किती? पिल्लाबरोबर येते की आधी? भिंत कोण फोडतं?”

मला नीट सांगता येईना. आत जाऊन वह्या काढल्या. नर किती वाजता आला, कुठल्या दिशेने आला, चोचीत काय होतं, किती वेळ थांबला, सगळं होतं. मादीबद्दल पानामागून पान एकच नोंद: ‘चोच दिसली.’ घरट्यासमोर मी कित्येक हंगाम बसलो होतो आणि ते घरटं जिच्यामुळे घरटं होतं तिच्याकडे पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते भाषण मी केलं, पण मन त्यात नव्हतं. त्यानंतर हाच प्रश्न घेऊन मी माझ्या तिन्ही वेडांकडे पुन्हा गेलो. पक्ष्याकडे, लेण्याकडे आणि शिलालेखाकडे. त्याचा हा हिशेब.

ढोलीची भिंत

महाराष्ट्रात धनेशाच्या चार जाती आहेत. राखी धनेश पुण्यासारख्या शहरातल्या जुन्या झाडांवरही दिसतो. मलबारी राखी धनेश आणि मलबारी कवड्या धनेश हे सह्याद्री-कोकणातले. चौथा सर्वांत मोठा, महाधनेश. चोचीपासून शेपटीपर्यंत तीन-साडेतीन फूट, पिवळी वाकडी चोच, डोक्यावर पिवळंच शिरस्त्राण. उडताना पंखांचा आवाज इतका मोठा की वर पाहण्याआधीच तो आल्याचं कळतं. कोकणातली जुनी माणसं याला गरुड म्हणतात. नर-मादी ओळखायची सोपी खूण डोळ्यांत आहे: नराचे डोळे लालभडक, मादीचे पांढुरके.

याला घरट्यासाठी मोठी, जुनी, पोकळ झालेली झाडं लागतात. ती आता देवराईत किंवा देवस्थानच्या जागेतच उरली आहेत. मी पाहतो ते घरटं एका जुन्या बेहड्यावर आहे. गाव सांगत नाही, कारण सांगितलं की कॅमेरे येतात.

हिवाळा सरता सरता जोडी ढोलीची पाहणी करू लागते. मग एक दिवस मादी आत जाते आणि ढोलीचं तोंड बुजवलं जातं. मी भाषणात ‘नर तिला कोंडून घेतो’ अशा थाटात बोलत होतो. प्रत्यक्षात महाधनेशात बुजवण्याचं काम मुख्यतः मादीच करते, तेही आतून. स्वतःची विष्ठा, खाल्लेल्या फळांचा चोथा, ढोलीतला लाकडाचा भुगा हा तिचा गिलावा. आपल्या चपट्या चोचीने ती तो थापते. वाळला की दगडासारखा होतो. मधे उभी फट ठेवते, चोच जाईल एवढी. तिच्यातून अन्न आत येतं आणि घाण बाहेर फेकली जाते. साप, घोरपड, माकड यांच्यापासून अंडी वाचवणारी ती तटबंदी आहे.

आत ती एक किंवा दोन अंडी घालते आणि साधारण चाळीस दिवस उबवते. जुनी पिसं गळून नवी येण्याचं कामही धनेशांच्या माद्या पुष्कळदा याच बंदिवासात उरकतात. या काळात ती पूर्णपणे नरावर अवलंबून असते. नर उंबर, वड, नांदरूक यांची फळं गळ्यात भरून आणतो आणि एकेक वर काढून फटीतून देतो. पिल्लू झालं की सरडे, किडे असा मांसाहारही येतो.

आता तिच्या प्रश्नाचं उत्तर. बहुधा पिल्लू उडण्याजोगं व्हायच्या आधीच मादी स्वतः भिंत फोडते आणि बाहेर येते. पिल्लाची भूक एकट्या नराला पुरी करता येत नाही, म्हणून दोघं मिळून चारा आणू लागतात. आणि आत राहिलेलं पिल्लू ते फुटलेलं तोंड पुन्हा आतून लिंपून घेतं! कुणी न शिकवता. पुढे त्याची वेळ आली की तेही आपली भिंत आपणच फोडतं.

‘नर मेला की मादी आणि पिल्लं आतच उपाशी मरतात’ ही गोष्ट आपल्याकडे मोठ्या हळव्या आवाजात सांगितली जाते. धोका खरा आहे. ऐन मोसमात नराची शिकार झाली तर सगळं घरटं संकटात येतं, त्यात शंका नाही. पण मादी आत असहाय वाट पाहत मरते, हे चित्र आपण रंगवलेलं आहे. भिंत तिचीच असते आणि ती तिला फोडता येते. नवी पिसं भरली नसतील तर उडणं जड जाईल, पिल्लू हातचं जाईल, पण दाराची कडी आतून आहे.

निसर्गाकडून धडे घ्यायचे तर जपून घ्यावे, हेही मला इथे कळलं. निसर्गाच्या कोठारात सगळंच आहे. मीलनानंतर नराला खाणारी कोळ्याची मादीही तिथेच आहे. आयुष्यभराची जोडी समजले जाणारे कित्येक पक्षी घरट्याबाहेरही संबंध ठेवतात, हे डीएनए तपासणीने दाखवून दिलं आहे. आपल्याला हवं ते उचलायचं आणि ‘बघा, पक्षीसुद्धा’ म्हणायचं, ही लबाडी झाली. मी धनेशाकडून धडा घेतला नाही, एक मोजपट्टी घेतली. जिथे जिथे प्रेमाचं नाव निघेल तिथे दोन गोष्टी विचारायच्या: भिंत कुणी बांधली? आणि ती कुणाला फोडता येते?

भिक्षूने दिलेली जोडी

ही पट्टी घेऊन मी कार्ल्याला गेलो. एकवीरा आईच्या दर्शनाला गेलेल्या प्रत्येकाने ते लेणं पाहिलेलं असतं, निदान त्याच्या दारावरून तो गेलेला असतो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी खोदलेलं हे चैत्यगृह जवळजवळ सव्वाशे फूट लांब आणि पंचेचाळीस फूट उंच आहे. छताच्या लाकडी फासळ्या मूळच्या आहेत असं अभ्यासक मानतात. लोक आत जाऊन मान वर करतात आणि थक्क होतात. मी या वेळी आत गेलोच नाही. ओसरीत थांबलो.

ओसरीत, दारांच्या मधल्या भिंतींवर स्त्री-पुरुषांच्या जोड्या कोरलेल्या आहेत. जवळजवळ माणसाएवढ्या. मधल्या जागेत शतकांनंतर बुद्धमूर्ती कोरल्या गेल्या, पण या जोड्या मूळच्या. पुरुषाच्या डोक्याला मोठं पागोटं, बाईच्या पायात जाड तोडे, कमरेला मेखला. बाई पुरुषाच्या मागे नाही, पायाशी नाही, लहानही नाही. शेजारी आहे, भरल्या अंगाने, जमिनीवर दोन्ही पाय रोवून. एकमेकांकडे टक लावून पाहणंही नाही. येणाऱ्या माणसाकडे तोंड करून दोघं उभी आहेत, घरी पाहुणा आल्यावर यजमान जोडपं ओटीवर उभं राहावं तशी.

या जोड्या दात्यांच्या की मंगलचिन्हाच्या, यावर अभ्यासकांनी बरीच शाई खर्च केली आहे. मला त्याहून मोठी वाटते ती तिथली एक ओळ. कार्ल्याला दान देणाऱ्यांचे छोटे छोटे लेख आहेत. कुणी खांब दिला, कुणी दार. त्यांत धेनुकाकटाचे यवन आहेत, एक सुतारही आहे. त्यातच एक लेख सांगतो की ‘मिथुन’, म्हणजे जोडी, हे भदसम नावाच्या भिक्षूचं दान आहे.

भिक्षूचं! ज्याने घर सोडलं, बायको नाही, मूल नाही, ज्याच्या वाटेत संसार हा अडथळा मानलेला, त्या माणसाने पुण्य म्हणून दगडात कोरून घेतलं ते एक जोडपं. ओसरीत उकिडवा बसून मी बराच वेळ यावर विचार केला. मनातलं त्याने लिहून ठेवलेलं नाही, म्हणून मी त्याच्या तोंडी काही घालणार नाही. एवढं मात्र दिसतं की जे आपलं नाही, आपल्याला व्हायचंही नाही, तेसुद्धा चांगलं आहे असं म्हणता येतं. आपण भिंतीच्या एका बाजूला राहायचं ठरवलं म्हणून दुसऱ्या बाजूच्यांचा दुस्वास करायचा नाही. ब्रह्मचर्य त्याने स्वतः निवडलं होतं. निवडलेल्या भिंतीला अशी खिडकी ठेवता येते. लादलेलीला बहुतेक ठेवता येत नाही.

नाणेघाटातलं नाव

कार्ल्याहून मी नाणेघाटात गेलो. कल्याण बंदरातून जुन्नरमार्गे पैठणकडे जाणारा सातवाहनांचा हा व्यापारी रस्ता. घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून सांगतात तो दगडी रांजण आहे आणि त्याच्या खालच्या अंगाला लेणं. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासचा मानला जाणारा मोठा ब्राह्मी लेख या लेण्याच्या दोन भिंतींवर आहे. जागोजाग झिजलेला, तुटलेला. यज्ञांची आणि दक्षिणेची भली मोठी यादी त्यात आहे: गायी, घोडे, हत्ती, कार्षापणं. आकडे आहेत म्हणून गणिताच्या इतिहासातही या लेखाला मान आहे.

लेण्याच्या मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. आज पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत, आणि वर नावं. सिमुक सातवाहनाचं नाव वेगळं आहे. त्यानंतरचं नाव मात्र जोडीने लिहिलेलं आहे: राणी नागनिका आणि राजा सातकर्णी. आधी राणी, मग राजा. माणसं गेली, त्यांचे दगडी चेहरेही गेले, एका ओळीतलं ते ‘आणि’ उरलं.

भिंतीवरच्या मोठ्या लेखात एका राणीचं वर्णन आहे. ती नागनिकाच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पतीच्या मागे ती महिनामहिना उपास करी, घरात राहून तापसीसारखी जगे, ब्रह्मचर्य पाळी, असं त्यात म्हटलं आहे. हीसुद्धा एक भिंतच आहे आणि ती तिने किती स्वखुशीने बांधली हे लेख सांगत नाही. म्हणून मी तिचं गुणगान करणार नाही. पण ती जगली. मुलांची आई म्हणून, यज्ञ करणारी आणि दान देणारी म्हणून तिची नोंद राहिली. नवऱ्याच्या मरणाने तिची ओळ संपली नाही.

याच काळाशी, याच मुलखाशी नाव जोडलेला ग्रंथ म्हणजे हाल सातवाहनाची ‘गाथासप्तशती’. महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथा. त्यातला केवढा तरी भाग बायकांच्या तोंडचा आहे. नवरा परगावी गेलेल्या बायका, शेताच्या राखणीला बसलेल्या, मैत्रिणीशी बोलणाऱ्या, सासूची नजर चुकवणाऱ्या, रुसणाऱ्या. नाणेघाटासारख्या वाटेने जे व्यापारी आणि तांडेवाले गेले त्यांचा इतिहास आपण लिहिला. त्यांच्या मागे घरात कोण होतं ते या गाथांत आहे. माझ्या वहीत जे नव्हतं ते हालाच्या संग्रहात दोन हजार वर्षांपासून पडून होतं.

काटकोनातला हात

आता जे लिहायचं आहे ते सोपं नाही.

आपल्याकडे गावोगावी, देवळाच्या आवारात, पाणवठ्याच्या वाटेवर सतीशिळा आहेत. ओळखायला सोप्या: कोपरात काटकोनात वळलेला उभा हात, मनगटात भरगच्च बांगड्या, वर चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य असेपर्यंत कीर्ती राहो, असा त्यांचा अर्थ. मी अशा कितीतरी शिळांचे ठसे घेतले, मोजमापं काढली. बहुतेकींवर नाव नाही. नाव गेलं, बांगड्या राहिल्या.

पूर्वी मी व्याख्यानांत या शिळांना ‘प्रेमाची स्मारकं’ म्हणत असे. आता म्हणत नाही. पत्नीचा तो प्रश्न या शिळेसमोर उभा केला की पुढे काही बोलताच येत नाही. ती बाहेर कधी येते? कधीच नाही. भिंत कुणी बांधली? चालीरीतीने, वारशाच्या हिशेबाने, गोतावळ्याच्या नजरेने. कुणाला फोडता येते? तिला तर नाहीच.

18 नोव्हेंबर 1772 ला थेऊरला थोरले माधवराव पेशवे क्षयाने गेले आणि रमाबाई सती गेल्या. मराठी मनात ही जोडी फार हळवी जागा धरून आहे, माझ्याही मनात आहे. रमाबाईंचं प्रेम खोटं होतं असं मी म्हणत नाही, ते म्हणायचा अधिकार कुणालाच नाही. मी एवढंच म्हणतो की त्या जगल्या असत्या तर ते प्रेम तसूभर कमी ठरलं नसतं. प्रेम सिद्ध करायला चिता लागते, ही कल्पना ज्या समाजाने जपली त्याने प्रेमाचा मोठेपणा वाढवला नाही. 1829 साली बंगालमध्ये आणि पुढच्या वर्षी मुंबई इलाख्यात कायद्याने ही चाल बंद झाली.

पण आपल्याच इतिहासात दुसरी बाजूही आहे. 1664 साली शहाजीराजे शिकारीत घोड्यावरून पडून गेले. जिजाबाई सती जायला निघाल्या आणि शिवाजीराजांनी त्यांना गळ घालून थांबवलं, असं बखरी सांगतात. त्यानंतर त्या दहा वर्षं जगल्या. 6 जून 1674 चा राज्याभिषेक त्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि बाराएक दिवसांत गेल्या. 1754 साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव होळकर पडले तेव्हा मल्हाररावांनी सुनेला, अहिल्याबाईंना, चितेपासून परतवलं. पुढे 1795 पर्यंतचा त्यांचा कारभार सगळ्यांना माहीत आहे.

एक मुलगा, एक सासरा. प्रियकर नव्हेत. तरीही मला प्रेमाचे सर्वांत स्पष्ट दाखले विचाराल तर मी हे दोन सांगेन. ‘माझ्यासाठी मर’ म्हणणारे पुष्कळ असतात. ‘माझ्यासाठी राहा’ असं हात जोडून म्हणणारे हे दोघं.

घर

संशोधनपर लेखात घरातलं सांगू नये असं म्हणतात. पण प्रश्न घरातून आला होता, त्यामुळे हिशेबही तिथेच चुकता करायला हवा.

माझी आई अर्धांगवायूने सात वर्षं अंथरुणावर होती. तिला कुशीवर वळवणं, भरवणं, धुणं-पुसणं, रात्रीतून दोनदा उठणं, हे सगळं माझ्या पत्नीने केलं. त्या सात वर्षांत मी लेणी पाहिली, धनेशाच्या वह्या भरल्या. गावात कुणी विचारलं तर अभिमानाने सांगत असे, “हिचा त्याग फार मोठा.” बांगड्यांचा हात मीच कोरत होतो. मी दुकानातून सामान आणून देत होतो, पैसे देत होतो. फटीतून उंबर देत होतो म्हणा ना! आणि स्वतःला महाधनेश समजत होतो. पण तिची भिंत तिने लिंपलेली नव्हती.

आई जाऊन आता काही वर्षं झाली. काजू सोलतानाचा तो प्रश्न त्यानंतरचा. तो तिने टोमणा म्हणून विचारला होता का, हे मी नंतर एकदा विचारलं. म्हणाली, “छे! मला खरंच जाणून घ्यायचं होतं. तुम्हाला सगळ्यात टोमणाच दिसतो.” त्यामुळे त्याचाही मोठा अर्थ काढायची सोय राहिली नाही.

गेल्या मोसमात तिला घरट्यावर घेऊन गेलो. मादी बाहेर येण्याचे दिवस होते. पाच तास बसलो. नर दोनदा येऊन गेला, भिंत जशीच्या तशी. डास चावून चावून तिचे हात सुजले. उठताना म्हणाली, “तिला यायचं तेव्हा येईल. आपण बसलोय म्हणून थोडीच येणार?” पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा ढोलीचं तोंड फुटलेलं होतं आणि पांढऱ्या डोळ्यांचा एक मोठा पक्षी शेजारच्या फांदीवर बसून पंख उघडून उन्हाला धरत होता. वहीत मादीची पहिली सविस्तर नोंद त्या दिवशी झाली. पाऊण पान.

या आषाढात ती तिच्या मैत्रिणींबरोबर आळंदीहून पंढरपूरला पायी गेली. अठरा-वीस दिवस दुकान आणि चूल दोन्ही माझ्याकडे होती. पहिल्या चार दिवसांत भात दोनदा करपला. रोज संध्याकाळी फोन यायचा; कुठे मुक्काम, पायाला किती फोड, कुणाच्या दिंडीत काय जेवण. परत कधी येणार, हे मी एकदाही विचारलं नाही.